तारखेला तो गेला नाही, नोटीस मला आली

नोटिशीत माझं नाव आरोपी म्हणून नव्हतं, जामीनदार म्हणून होतं. हवालदारांनी ते दोनदा सांगितलं, बहुतेक माझा चेहरा बघून. ऑक्टोबर 2024. दिंडोरी तालुक्यातली आमची द्राक्षबाग, फळछाटणी उरकून काड्यांना पेस्ट लावायचं काम चाललेलं, मजूर रोजावर, आणि मी बांधावर उभा राहून मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही करतोय. मजकूर असा की, आरोपी न्यायालयात सतत गैरहजर आहे, त्याचं बंधपत्र जप्त झालं आहे, तर जामीनदार या नात्याने तुम्ही 15,000 रुपये का भरू नयेत याचं कारण अमुक तारखेला हजर राहून दाखवा.

आरोपी म्हणजे माझा आतेभाऊ. 2011 साली पंचवटीत बाजाराच्या गेटबाहेर टेम्पो लावण्यावरून त्याचं एका हमालाशी भांडण झालं. शिवीगाळ झाली, मग ह्याने गाडीतली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, काढून हाणली. हमालाच्या मनगटाजवळचं हाड मोडलं. गुन्हा दाखल झाला तो भारतीय दंड संहितेच्या 325, 323, 504 आणि 506 कलमांखाली. हाड मोडलं म्हणून 325, ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कलम जामीनपात्र, त्यामुळे घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. चार्जशीट कोर्टात गेल्यावर तिथे नव्याने बाँड, म्हणजे तारखांना हजर राहण्याचं बंधपत्र, द्यायचा होता, त्याला सातबारावाला माणूस पाहिजे होता, आणि आत्याने माझ्याकडे बघितलं.

जामीनदार होणं म्हणजे काय असतं ते सांगतो, कारण बहुतेकांना ते लग्नात साक्षीदाराची सही करण्यासारखं वाटतं. ताजा सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, फोटो, आणि याआधी कोणाकोणाला जामीन राहिलात त्याचं प्रतिज्ञापत्र. मग साहेबांसमोर, म्हणजे न्यायाधीशांसमोर, उभं करतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आरोपी पळून गेला तर पंधरा हजार भरावे लागतील, माहीत आहे ना?" मी म्हणालो, हो साहेब. तिथे दुसरं काही म्हणत नाहीत. रेशनकार्डाच्या मागच्या पानावर एक जांभळा शिक्का बसला, त्यात खटल्याचा नंबर पेनाने लिहिलेला. त्या कार्डावर पुढे किती वर्षं आम्ही साखर आणली, शिक्क्याकडे कधी लक्ष गेलं नाही.

सुरुवातीला आतेभाऊ तारखांना जायचा. मग वापीला कंपनीत काम लागलं. एका तारखेला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा वकिलांनी हजेरीमाफीचा अर्ज दिला. पुढच्या वेळी पुन्हा दिला. त्यानंतर त्या वकिलांनी फौजदारी कामं घेणं बंद केलं, फोन लागेना, आणि ह्याने सोयीस्कर अर्थ काढला की केस थंड झाली. घरीही कोणी आलं नाही. आत्याचं जुनं भाड्याचं घर सुटलं होतं, समन्स आणि वॉरंटं त्याच पत्त्यावर जात राहिली.

नोटीस हातात आल्यावर मला गावात जे सल्ले मिळाले त्यांची आधी विल्हेवाट लावतो. पहिला सल्ला, "इतकी वर्षं झाली, केस आपोआप बाद झाली असंल." होत नाही. मुदतीचं जे कलम आहे ते कोर्टाने गुन्ह्याची दखल घ्यायला किती उशीर चालतो यासाठी आहे. एकदा दखल घेतली, आरोपी हजर झाला, जामीन झाला, की पुढे तो स्वतः गायब झाला म्हणून मुदत संपत नाही. वॉरंटचंही तसंच. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट स्वतः रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. दुसरा सल्ला, "पंधरा हजार भरून टाक, विषय संपला." माझा विषय कदाचित संपला असता. त्याचा नसता. जामीनदाराने दंड भरला म्हणून आरोपीवरचं वॉरंट उठत नाही. तिसरा सल्ला असा होता की नोटीस घ्यायचीच नव्हती. तो देणारा माणूस दर ग्रामसभेत असाच बोलतो.

नाशिकला सीबीएसजवळच्या कोर्टात ज्या वकिलांकडे गेलो त्यांनी पहिल्यांदा मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं, वर्ष आणि नाव टाकलं, आणि केस समोर आली. मी तेरा वर्षं ज्याच्याबद्दल काही विचारलं नव्हतं ते एका मिनिटात दिसलं, पुढच्या तारखेसकट. मग त्यांनी रोजनाम्याची नक्कल काढायला लावली. रोजनामा म्हणजे त्या खटल्यात कोणत्या दिवशी काय झालं याची नोंद. नकलेच्या पानांवर वेगवेगळ्या कारकुनांचं अक्षर, पण मजकूर तोच: "आरोपी गैरहजर. पुकारा केला. वॉरंट काढावे." पुढच्या नोंदीत, "वॉरंट अहवाल प्राप्त नाही. पुन्हा काढावे." त्यापुढे, "आरोपी दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही." मधेच एक ओळ दिसली आणि मी तिथे थांबलो: "फिर्यादी हजर. आरोपी गैरहजर." तीच ओळ पुढच्या पानावर, आणि आणखी पुढेही. म्हणजे ज्याचा हात मोडला तो येत होता, आणि पुकारा ऐकून परत जात होता.

वकिलांनी कायद्याची बाजू समजावली ती अशी. खटला जुना असल्याने त्याला जुनीच फौजदारी प्रक्रिया संहिता लागू. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असली तरी आधीपासून चालू असलेली कामं जुन्या कायद्यानेच पुढे जातात. नव्यात आकडे बदललेत, 446 चं 491 झालंय, पण गाभा तोच. कलम 446 प्रमाणे बाँड जप्त झाला की जामीनदाराला कारण दाखवायची संधी द्यावीच लागते, म्हणून ही नोटीस. कारण पटलं नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर ते दंडासारखे वसूल होतात, म्हणजे जंगम मालाची जप्ती किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. तेवढ्यानेही वसूल झाले नाहीत तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येतं. हे ऐकल्यावर मी पाणी मागितलं. त्यात त्यांनी एक सवलतही सांगितली: बाँड जप्त होण्याआधी जामीनदार वारला तर त्याच्या मालमत्तेवर बोजा येत नाही. माझी ती संधी हुकली होती.

दुसरी गोष्ट मला कोणीतरी 2011 मध्येच सांगायला हवी होती. जामीनदाराला कधीही कोर्टात अर्ज देऊन मोकळं होता येतं, कलम 444 खाली. अर्ज दिला की कोर्ट आरोपीला पकडून आणायला सांगतं, तो आला की तुमचा बाँड सुटतो आणि त्याने दुसरा जामीनदार द्यायचा. आतेभाऊ वापीला गेला तेव्हाच मी हा अर्ज देऊ शकलो असतो. अर्थात तेव्हा आत्याने मला घरात घेतलं नसतं, ते वेगळं.

आणि आतेभावाच्या बाजूला काय होतं? एक तर अजामीनपात्र वॉरंट. गुन्हा जामीनपात्र, पण वॉरंट अजामीनपात्र, ह्या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कलम 436 चा दुसरा भाग. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, पण एकदा बाँडची अट मोडून तारखेला आला नाही, तर पुढच्या वेळी जामीनपात्र गुन्ह्यातसुद्धा कोर्ट जामीन नाकारू शकतं. म्हणजे तो स्वतःच्या वागण्याने हक्क घालवून बसला होता. शिवाय जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणं हा दंड संहितेच्या 229-अ खाली वेगळा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. तो मूळ गुन्ह्याच्या शिक्षेत मिसळत नाही, वेगळा मोजला जातो. पुढची पायरी होती प्रक्रिया संहितेच्या कलम 82 चा जाहीरनामा. कोर्ट किमान तीस दिवसांची मुदत देऊन हजर व्हायला सांगतं, तो गावात मोठ्याने वाचला जातो, घरावर आणि कोर्टात चिकटवला जातो, आणि त्यानंतर 83 खाली मालमत्ता जप्त करता येते. जाहीरनाम्यानंतरही नाही आला तर दंड संहितेचं 174-अ, तीन वर्षांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या सुरुवातीला तर असंही म्हटलंय की जाहीरनामा नंतर मागे घेतला गेला तरी 174-अ चा गुन्हा स्वतंत्रपणे टिकू शकतो. सुदैवाने आमच्या खटल्यात जाहीरनामा निघायचा होता, निघालेला नव्हता.

माझ्या तारखेला मी हजर राहिलो. वकिलांनी आरोपीला आणण्यासाठी मुदत मागितली, साहेबांनी थोडी दिली, आणि स्पष्ट सांगितलं की पुन्हा मुदत मिळणार नाही.

आता आतेभाऊ. फोनवर तो आधी हसला. "दादा, ते कधीच मिटलं." मी रोजनाम्याच्या पानांचे फोटो पाठवले. मग फोन बंद. दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला, त्या रडत होत्या, की तुम्ही ह्यांना जेलमध्ये घालायला निघालात. आत्याने वेगळाच सूर लावला: "पंधरा हजारच आहेत ना रे बाळा, आपण देऊ." मी आत्याला सांगितलं, पैसे मी भरले तरी पोलीस वापीला जातील, आणि आता निवडणूक लागलीय. विधानसभेची आचारसंहिता त्याच आठवड्यात लागली होती. निवडणूक आली की पोलीस पडून असलेली अजामीनपात्र वॉरंटं बाहेर काढतात, तसे आदेशच असतात. पकडून आणलेला आरोपी आणि आपणहून आलेला आरोपी, दोघांकडे कोर्ट एकाच नजरेने बघत नाही. शेवटचं वाक्य वकिलांचं होतं, मी फक्त पोचवलं. ते लागू पडलं.

वकिलांची एक सूचना फार कामाची होती. हजर व्हायचं तर आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळी. शुक्रवारी दुपारी उभं राहिलं आणि अर्जावर निर्णय लांबला तर शनिवार-रविवार आत. त्यात दिवाळीची सुट्टी तोंडावर. सुट्टी लागायच्या आधी सगळं उरकायला हवं होतं.

आतेभाऊ पेठमार्गे रात्रीच्या गाडीने आला, सावळघाटात उलट्या झाल्या म्हणाला, घाटामुळे की भीतीमुळे कोण जाणे. नवा जामीनदार म्हणून त्याचा मेहुणा आला होता. मेहुण्याकडे सातबारा होता, पण कित्येक वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली तलाठ्याची नक्कल. आता डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो, तो काढला तर त्यात मेहुण्याचं नावच नाही. वडील वारल्यानंतर वारस नोंद केलेली नव्हती. म्हणजे कागदोपत्री त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. हे कोर्टाच्या आवारात, टायपिंगवाल्याच्या छत्रीखाली कळलं.

पुकारा झाला. आतेभाऊ पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. वकिलांनी वॉरंट रद्द करण्याचा आणि जामिनाचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं: कामासाठी परराज्यात, जुने वकील सोडून गेले, पत्ता बदलला, हेतू नव्हता. अर्ज सरकारी वकिलांकडे 'से' साठी, म्हणजे त्यांचं म्हणणं घ्यायला, गेला. त्यांनी त्याच कागदाच्या समासात पेनाने लिहिलं: तीव्र हरकत, आरोपी अनेक वर्षं फरार, 229-अ खाली कारवाई व्हावी, सुटल्यास पुन्हा पळेल. खोटं त्यात काही नव्हतं. साहेबांनी पोलिसांचाही से मागवला, कारण त्याच्यावर दुसरीकडे काही गुन्हे आहेत का ते बघायचं होतं. तोवर न्यायालयीन कोठडी. कोर्ट हवालदाराने त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं. त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही, पण त्याबद्दल मला वाईट वाटलं असंही म्हणणार नाही. संध्याकाळी गाडी नाशिकरोडला जेलकडे गेली.

पोलिसांचा से लगेच आला नाही. मधे बागेत पाऊस झाला, डाऊनी रोगाची फवारणी करायला मी नव्हतो, त्याचा हिशेब वेगळा. से आल्यावर वकिलांनी बाजू मांडली की दुसरा एकही गुन्हा नाही, आपणहून आलाय, कायमचा पत्ता आणि कंपनीचं ओळखपत्र देतो. अर्ज मंजूर झाला, पण आधीपेक्षा मोठ्या रकमेवर, दर तारखेला हजर राहण्याच्या अटीवर. कोर्टाने आदेशात लिहिलं की पुन्हा विनाकारण गैरहजर राहिल्यास जामिनाचा विचार केला जाणार नाही. नवा जामीनदार तयार नव्हताच, म्हणून काही आठवड्यांसाठी रोख रक्कम भरून सुटका आणि तेवढ्यात पक्का जामीनदार द्यायचा, अशी परवानगी घेतली. रक्कम भरायची, पावती फाईलला लावायची, सुटकेचा आदेश जेलला पाठवायचा, आणि हे सगळं वेळेत झालं नाही तर माणूस आणखी एक रात्र आत. आमची ती एक रात्र गेलीच. दुसऱ्या दिवशी जेलच्या दारात तो आला तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "कंपनीत काय सांगितलं?" वहिनींनी कावीळ सांगितली होती.

माझ्या नोटिशीचा निकाल त्यानंतर लागला. आरोपीला मी स्वतः प्रयत्न करून हजर केलं, तो पळून जाण्यात माझा हात नाही, असं प्रतिज्ञापत्र दिलं. 446 च्या तिसऱ्या पोटकलमात कोर्टाला कारणं नोंदवून दंडाचा काही भाग माफ करता येतो. 15,000 पैकी 5,000 भरायला सांगितले. साहेब म्हणाले, "आणलंत हे चांगलं केलंत, पण इतकी वर्षं चौकशी केली नाहीत." उत्तर देण्याची अपेक्षा नव्हती, मी दिलं नाही. कोर्टाचे पैसे घेणाऱ्या नाझरकडे पैसे भरले, पावती घेतली, आणि त्याच दिवशी माझा बाँड संपल्याचा उल्लेख आदेशात आहे ना ते वकिलांकडून वाचून घेतलं. जामीनदारांनी हे जरूर बघावं. नवा बाँड झाला म्हणजे जुना आपोआप सुटला असं गृहीत धरू नये, लिहिलेलं असलं पाहिजे.

पैशाबद्दल विचारणारे बरेच आहेत, म्हणून सांगतो: पाच हजार आतेभावाने परत केले. वकिलांची फी आत्याने दिली, दोन बांगड्या मोडून. ह्यातलं काही त्या मूळ 2011 च्या भांडणासाठी नव्हतं. त्याचा खटला तर अजून चालायचाच होता.

तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालला. 325 कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो, फिर्यादीने संमती दिली तर. म्हणून मी आणि आतेभाऊ त्या हमालाच्या घरी गेलो. आता ते हमाली करत नाहीत. मनगट उजव्या हाताचं, पोतं उचलताना जोर लागायचा तिथेच मोडलेलं. वर्षभराने ते काम सोडून मुलाच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. चहा दिला आम्हाला. आतेभाऊ पाया पडला. मी तडजोडीचा विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी तारखेला जायचो तेव्हा रोज बुडायचा. तुमचा माणूस यायचा नाही. आता तो येऊ द्या, मी पण येतो." एवढंच. रागावले नाहीत, संमतीही दिली नाही. परत येताना आतेभाऊ म्हणाला, म्हाताऱ्याला पैसे हवे असतील. मी गाडी थांबवून त्याला खाली उतरायला सांगितलं. तो उतरला नाही, पण पुढे काही बोललाही नाही.

नवीन जामीनदार शेवटी मेहुणाच झाला, वारस नोंद करून घेऊन. आतेभाऊ आता दर तारखेला वापीहून येतो, आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम करतो. फिर्यादीची साक्ष झाली, उलटतपासही झाला. पुढचे साक्षीदार म्हणजे सरकारी दवाखान्यात ज्यांनी एक्स-रे बघून दाखला दिला ते डॉक्टर. ते मधल्या वर्षांत निवृत्त झालेत, त्यांचं समन्स 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा मारून परत आलंय, आणि नवा पत्ता शोधायला कोर्टाने पोलिसांना मुदत दिलीय.